कागद दरवाज्याला दिला

ज्या सकाळी आई पहिल्यांदा एसी बंद करते, त्या सकाळी खोर फक्कानला, अमिरातीतल्या आमच्या बंदराच्या गावाला, कंठ फुटतो. एप्रिलपासून खिडकीतलं ते यंत्र घरघरत असतं आणि त्याच्या खाली सगळं गाव दबलेलं असतं. नोव्हेंबरात कधीतरी आई बटण दाबते, "झालं बाई, सुटलो," म्हणते, आणि मग एकेक आवाज वर येतो. बंदरात कंटेनरवर कंटेनर टेकतो तो. बांगेच्या आधी मशिदीच्या लाउडस्पीकरवर कुणीतरी घसा साफ करतं तो. खाली कुणीतरी बादलीत फडकं पिळतंय, गाडी पुसतंय.

चार वर्षांनी मी ह्या दिवसांत घरी आलेय. खिडकी उघडून उभी राहिले. एक आवाज कमी होता. टेप गुंडाळलेला चेंडू बॅटवर बसला की टप्प असा एक बसका आवाज येतो, तो येत नव्हता.

"नोबडी प्लेज देअर नाऊ, ताई," रोहन मागून म्हणाला. माझा भाऊ. मी पुण्याला गेले तेव्हा माझ्या खांद्याला लागायचा, आता मान वर करून त्याच्याशी बोलावं लागतं. "इट्स अ पार्क."

खिडकीतून पाहिलं. मैदानाच्या जागी हिरवळ होती. एवढी हिरवी की डोळ्यांना खोटी वाटावी. मध्येमध्ये फवारे फिरत होते, भोवती कमरेएवढं लोखंडी कुंपण, आणि दारापाशी अरबीत आणि इंग्रजीत एक पाटी: खेळू नये, बसू नये, खाऊ नये. कडेला रखवालदाराची प्लास्टिकची खुर्ची. ज्या गावात पाऊस पडला तर शाळेला सुट्टी मिळते, त्या गावात गवताला दिवसातून दोनदा पाणी, आणि माणसाला त्यावर टेकायची बंदी.

सरळ सांगते, मला राग आला. राग येणं हे गेली पाच वर्षं माझं कामच आहे. पुण्यात आम्ही मोकळ्या जागांसाठी भांडतो, पत्रकं काढतो, वॉर्ड ऑफिसात जाऊन बसतो. तिथे असते तर त्याच दुपारी मी कागद पुढे ओढला असता. पण ह्या मैदानासाठी मी एकदा कागद पुढे ओढला होता. त्याची गोष्ट ह्या हवेला चिकटून बसलीय, आणि एसी बंद झाला की तीही ऐकू येते.

आमच्या गावाला ऋतू दोनच. आतला आणि बाहेरचा. आतल्या ऋतूत शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा मिक्सर. बाहेरच्या ऋतूत शेजारी म्हणजे माणूस. तो सुरू झाल्याची खूण मैदानावर दिसायची. उतरत्या दुपारची अस्रची नमाज झाली की वाळू पायाला गार लागायला लागायची. वाळू म्हणतेय, पण ती पिठासारखी सैल नव्हती. वर्षानुवर्षं पाय पडून, पाणी शिंपून ती थापलेल्या शेणासारखी घट्ट झाली होती. एका टोकाला जुन्या टेहळणी बुरुजाचा गुडघ्याएवढा उरलेला दगडी गोल, दुसऱ्या टोकाला बोरीचं झाड, मागे हजरचे उघडेबोडके डोंगर आणि पुढे दोन इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्र.

त्या जागेला अरब लोक बराहा म्हणायचे. घरांच्या मधली मोकळी, सगळ्यांची जागा. पूर्वी समुद्र आणखी आत होता, तेव्हा होड्या ओढून इथेच दुरुस्त करायचे. खजूर इथेच पसरायचे, मासळी इथेच सुकायची, ईदची नमाज इथेच, लग्नाची जेवणं इथेच. हे सगळं मला अबू सालेमनी सांगितलं. बोरीखाली चटई टाकून रोज बसणारा म्हातारा. जन्म तिथलाच, झाडापासून पन्नास पावलांवरचा. तरुणपणी लाकडी जहाजातून सुका खजूर घेऊन मुंबईला चकरा मारलेल्या, त्यामुळे हिंदी बोलायचे, मोडकी आणि ठसक्यात. बाबांना म्हणायचे, "शिर्के, तेरा मुंबई मैंने तेरे से पहले देखा."

बाबांचा धंदा बंदरातल्या जहाजांना भाजी-किराणा पुरवायचा. पहाटेपासून दुपारपर्यंत बोटी, मग एक झोप, मग मैदान. तिथे कोण नसायचं? शुक्रवारी वर्कशॉपमधल्या पोरांची क्रिकेटची टीम, कॅप्टन सुर्वेकाका, मूळचे चिपळूणचे, वेल्डर. बायका कडेकडेने फेऱ्या मारायच्या, आई साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून. अबायातल्या स्थानिक बायका दुसऱ्या कडेने. दोन्ही रांगा बुरुजापाशी एकमेकींना भेटल्या की "कैफ हालिक, सब ठीक," एवढं बोलून पुढे जायच्या. वर्षानुवर्षं तेवढंच. पण आईला आमांशाने हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा त्यातली एक बाई डब्यात भात घेऊन आली होती, नाव न सांगता.

रोहनचं बोरन्हाण त्या बोरीखाली झालं. संक्रांतीला तिथली बोरं हिरवी असतात, म्हणून आईने रथसप्तमीपर्यंत थांबवलं. अबू सालेमनी स्वतः काठीने झाड झोडपलं. हलव्याचे दागिने घातलेल्या पोराच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, चॉकलेटं ओतताना बघून ते इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. "ये क्या करता है बच्चे को?" आई म्हणाली, "थंडी बाधू नये म्हणून, चाचा." त्यांनी चोवीस अंशाच्या त्या हवेकडे हात केला आणि पुन्हा हसले.

आणि हसीनाचाची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या, रत्नागिरीकडच्या. नवरा इकबालचाचा बंदरात क्रेनवर. चाचींनी मला घावणे शिकवले, शिव्या शिकवल्या, आणि मी एकदा गणितात नापास झाले तेव्हा आईच्या आधी त्यांनाच सांगितलं. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण पुढचं जे आहे ते त्यांच्याचबद्दल आहे.

दोन हजार साल उजाडायच्या आधीचा हिवाळा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, डिसेंबरात सुट्टीवर आले. रमजान चालू होता. रमजानात मैदान म्हणजे जेवणाचं पान व्हायचं. सूर्य डोंगरामागे गेला की चटया पसरायच्या. अबू सालेमच्या घरून हरीसची परात यायची. मटण घातलेली गव्हाची खीर म्हणा, गूळ नसलेली, वर तुपाचं तळं. चाचींकडून घावणे आणि सुक्या जवळ्याची चटणी, आमच्याकडून भजी. रोजा असो नसो, बांग झाली की एक खजूर सगळ्यांच्या हातात. सुर्वेकाका एकादशीवाले, तेही खजूर घ्यायचे. "उपासाला चालतो की," म्हणायचे.

त्या वर्षी मी पोचले तेव्हा मैदानात खुंट्या ठोकलेल्या होत्या. लाल फीत बांधलेल्या, चुन्याच्या रेघांनी जोडलेल्या. एक रेघ पिचच्या मधून गेलेली. लोक त्या रेघा ओलांडून चटया पसरत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं.

"कसल्या खुंट्या?" मी बाबांना विचारलं.

"असतील काहीतरी."

"कुणी विचारलं नाही?"

"कुणाला विचारणार?" बाबांनी भजं उचललं. "खा. गार होतंय."

मी खाल्लं नाही. मी नुकतीच पुण्यात एका टेकडीसाठीच्या सह्यांच्या मोहिमेतून आले होते. आमचे तिथले मोठे कार्यकर्ते आम्हाला एक गोष्ट पुन्हापुन्हा घोकवून घ्यायचे: नुसती सही म्हणजे रद्दी. नाव, पत्ता, काम कुठे करतो, सगळं हवं. तेव्हा समोरचा मोजतो. मी ते देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं.

दोन दिवसांत मी सह्या गोळा केल्या. लोकांनी का केल्या ते आज नीट कळतं. निवेदन पटलं म्हणून नाही. शिर्क्यांची मुलगी आहे, शिकलेली आहे, मागतेय तर देऊ, म्हणून. आणि मी प्रत्येकाकडून लिहून घेतलं: नाव, इमारत, कंपनी, व्हिसा कुणाचा. वर्कशॉपमधल्या टीमने रांगेत उभं राहून लिहिलं. चाचींनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ठळक अक्षरात लिहिलं: इकबाल, क्रेन ऑपरेटर, आणि पुढे कंपनीचं नाव.

"चाची, तुमची सही करा ना."

"माझी कशाला गो? घरचा कर्ता तोच. त्याचं वजन पडंल."

"चाचांना विचारलंत?"

"मैदान वाचवायचं त्यात काय विचारायचं?"

आणि मी ते ठेवलं. क्रेन ऑपरेटर. मला वाटलं, खरंच वजन पडेल.

बंदराच्या रस्त्यावर एक टायपिंग सेंटर होतं. अर्ज अरबीतून टाइप करून देणारं, सगळ्या गावाचे व्हिसा, भाडेकरार तिथूनच जायचे. तिथल्या माणसाने माझा मजकूर वाचला, चष्मा वर केला. "ऊपर किसका नाम डालूँ?"

"किसीका नहीं. सबके लिए है."

"कागज किसी के नाम होता है, मॅडम. नाम नहीं तो कागज किधर जाएगा?"

मला त्याची कीव आली. इतका गुलाम झालेला माणूस, असं मी मनात म्हणाले. हे लिहिताना कान गरम होतायत, पण म्हणाले. पाच प्रती काढल्या, मागे सह्यांचं पान जोडलं, आणि पहाटे, फजरच्या बांगेआधी, लावून आले. बकाल्याच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, काचेवर, दोन इमारतींच्या जिन्यांत, बुरुजाच्या दगडावर आणि मैदानासमोरच्या विजेच्या केबिनच्या लोखंडी दरवाज्यावर. पुण्यात ह्याला आम्ही विजय म्हणायचो. नावं दिसली पाहिजेत, लोक उघडपणे उभे आहेत हे दिसलं पाहिजे.

आठ वाजता सुर्वेकाका दारात. मला त्यांनी कधी मॅडम म्हटलं नव्हतं. "मॅडम, आमच्या पोरांची नावं खोडा. आमचा फोरमन बकाल्यात सिगारेट घ्यायला येतो."

बाबांची त्या दिवशी बोट नव्हती, ते आंघोळीला निघाले होते. त्यांनी टॉवेल खुर्चीवर ठेवला, मोरीतलं घासायचं घेतलं, बादली घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं. आम्ही चार कागद काढले. बुरुजावरचा खरडताना बाबांच्या नखातून रक्त आलं. पाचवा नव्हता. केबिनच्या दरवाज्यावर चार कोपऱ्यांना टेपचे चार तुकडे होते आणि मध्ये काही नव्हतं. नीट काढलेला. वाऱ्याने नाही, हाताने.

"कुणी काढला?" मी म्हणाले.

"ते तू लिहायच्या आधी विचारायचं होतंस," बाबा म्हणाले. मग इमारतीकडे बघून, हळू, "इकबालचा पासपोर्ट कंपनीत आहे. व्हिसा रिन्यूला गेलाय."

चाचींना सांगायला मीच खाली गेले. त्या पीठ भिजवत होत्या. ऐकलं, हात तसाच पिठात ठेवून बसून राहिल्या. "त्यानं सही केलीच नाय गो," एवढंच म्हणाल्या. "मी केली त्याची."

त्या देशात तेव्हा एका शब्दात माणसाचं घर उठायचं. कॅन्सल. तीस दिवस आणि खलास. वीस वर्षांचा संसार, फ्रीज, पोरांची शाळा, सगळं एका कार्टनच्या आकारात बसवायचं. हे मी पत्रकात कधी लिहिलं नव्हतं, कारण पत्रकाला शत्रू समोर लागतो, आणि इथे शत्रू कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं. कदाचित कुणीच नव्हता. भीती मात्र प्रत्येकाच्या खिशात, बतागासारखी, म्हणजे ते ओळखपत्र असतं ना, तसं.

त्या संध्याकाळी मैदानात कुणी आलं नाही.

बांग झाली. मी खिडकीतून बघत होते. अबू सालेम एकटे बोरीखाली, पुढ्यात परात. हरीसमधून वाफ येत होती. त्यांनी एक खजूर खाल्ला, मान वळवून आमच्या इमारतीकडे पाहिलं, दुसऱ्या इमारतीकडे पाहिलं. मग नोकराला हाक मारली आणि परात परत नेली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शुक्रवारी क्रिकेट नाही. बायकांच्या फेऱ्या नाहीत. खुंट्यांना जे जमलं नव्हतं ते माझ्या कागदाने केलं, मैदान रिकामं केलं. जिन्यात लोक खाली बघून चढायचे. आई फोन वाजला की आधी बाबांकडे बघायची. चाचा रोज ड्यूटीवरून यायचे आणि चाची त्यांचा चेहरा वाचायच्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "हिला काय झालंय, जेवत नाय," असं त्यांनी माझ्याच आईला विचारलं.

नवव्या दिवशी चाचींनी दार वाजवलं. डोक्यावर ओढणी, हातात घावण्यांचा डबा. "चल."

"कुठे?"

"म्हाताऱ्याकडं. त्याला ठाव असंल. हितं बसून मरण्यापरीस विचारून मरू."

बांगेला दहा मिनिटं असतील. आम्ही दोघी त्या रेघा ओलांडत गेलो. मला सगळ्या खिडक्या पाठीत टोचत होत्या. अबू सालेमनी आम्हाला पाहिलं, पण उठले नाहीत, नेहमीसारखं "तफद्दल, बैठो" पण म्हणाले नाहीत. चाची चटईच्या कडेशी उभ्या राहिल्या. मोठ्या आवाजात, सरळ विचारलं, "चाचा, वो दरवाजे का कागज तुमने देखा?"

त्यांनी पाठीमागच्या उशीखाली हात घातला आणि घडी काढली. माझा कागद. चार घड्या, मागचं पान आत.

"मैंने निकाला. फजर को. कोई देखा नहीं." मग माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला आजही नीट सहन होत नाही. त्यात राग नव्हता, अपमान होता. "मेरे साथ खाता है, मेरे झाड का बेर खाता है. और कागज दरवाजे को देता है? मेरे को क्यों नहीं दिया?"

मी काहीतरी बोलले, की ते सगळ्यांसाठी होतं.

"सब कौन? इदर आके बैठने का. बोलने का. फिर मैं उदर जाके बैठेगा, बोलेगा. ऐसा होता है." त्यांनी चटईवर तळहात आपटला. "नाम क्यों लिखा? मैं नाम पूछा कभी?"

नव्हतं विचारलं. सुर्वेकाकांना ते कायम "कॅप्टन" म्हणायचे, चाचींना "उम्म सलीम", सलीमची आई. तिथे बसणाऱ्याला कुणी नाव विचारायचं नाही, बसला म्हणजे आपला. आमच्याकडे मोजलं जावं म्हणून नाव लिहितात. त्यांच्याकडे मोजायची वेळच येऊ नये म्हणून बसतात. ही रीत माझ्या डोळ्यांसमोर अठरा वर्षं होती, आणि मी पुण्यातून दोन वर्षांत शिकून आलेली रीत तिच्यावर डकवली.

चाचींनी घडी कमरेला खोचली. मग विचारलं, "और ये खूंटे?"

"मैं गया था शेख के मजलिस में. पहले हफ्ते में ही. बोला. वो बोले, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मतलब हाँ की ना?"

"इन्शाल्ला मतलब इन्शाल्ला," अबू सालेम म्हणाले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसले. बांग झाली. चाचींनी डबा उघडला. आम्ही तिघांनी खजूर खाल्ला. वरच्या एका खिडकीतला दिवा लागला, मग जिन्याचा, मग बाबा भज्यांचं ताट घेऊन येताना दिसले, एकटेच, चपला हातात घेऊन.

चाचांचा व्हिसा झाला. सही कुणाची होती ते त्यांना आजवर माहीत नाही. बाकीचे त्या रमजानात परत आले ते निम्मेच, तेही कडेला बसून. मी जानेवारीत पुण्याला गेले. खुंट्या वर्षभर तशाच गंजल्या. मग अबू सालेम गेले, आणि बाबा फोनवर म्हणाले, "झाड ठेवलंय. बाकी हिरवं केलं." सुर्वेकाका आता दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत असतात, तिथल्या कामगारांच्या कॅम्पच्या मागे पार्किंगमध्ये खेळतात म्हणे.

लोक मला सांगतात, अगं, निदान इमारत तरी नाही झाली, सुंदर दिसतं. दिसतं ना. शोकेसमधल्या मिठाईसारखं दिसतं. तीनशे वर्षं पायांनी बनलेली जागा एका उन्हाळ्यात डोळ्यांची केली. ज्यांनी केली त्यांनी कुणाला विचारलं नाही, हे मी खुशाल लिहीन. पण मग हेही लिहावं लागेल की माझ्या पत्रकाची पहिली ओळ "हे मैदान आपलं आहे" अशी होती, आणि त्यातलं आपलं म्हणजे कोण हे मीही कुणाला विचारलं नव्हतं.

यंदा रमजान नोव्हेंबरात आलाय. काल आईने एसी बंद केला. आज संध्याकाळी मी चाचींकडे गेले. इकबालचाचा रिटायर झालेत, दोघंही सलीमच्या व्हिसावर आहेत. ते सोफ्यावर झोपले होते. मी चाचींना म्हटलं, मला वाटतं ह्या पाटीबद्दल काहीतरी लिहावं. त्यांनी खजुराच्या डब्याला झाकण लावलं.

"थर्मास घे," म्हणाल्या. "आणि ती चटई."

कुंपणाचं दार उघडं होतं. बोरीभोवती फरशीचा गोल केलाय, गवत ओलं होतं, चटईतून ओल वर आली. मी व्हिजिट व्हिसावर आहे, माझं काय जाणार? चाचींचं जाण्यासारखं सगळं आहे. मी म्हटलं, "चाची, नको. फरशीवर उभं राहू." त्यांनी डबा उघडला.

रखवालदार धावत आला. चितगावकडचा, तरुण, टोपी मोठी होणारा. "मॅडम, बैठना मना है. खाना मना है." पाटीकडे बोट. चाचींनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात बांग झाली. चाचींनी खजूर पुढे केला. त्याचाही रोजा होता. तो एकदा रस्त्याकडे बघून वाकला, खजूर तोंडात टाकला, बी हातात धरली. मग ओशाळून खिशातून वही काढली.

"मेरे को लिखना पड़ेगा, खाला. सुपरवायझर देखता है. नाम?"

मी तोंड उघडलं. चाचींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लिख. हसीना."

"शौहर का नाम?"

"उसका नाम छोड," चाची म्हणाल्या, आणि कपात चहा ओतला. "वो घर में सोया है. बैठी मैं हूँ."